आधी डिंक, मग गोळी

आमच्या शेडमध्ये किस्से कोणी मुद्दाम सांगायला बसत नाही. ते आपोआप साचतात. मधाचे डबे धुताना एक निघतो, पेटीचं झाकण खरवडताना दुसरा. बाकीच्यांना ते हसत हसत सांगता येतात. मला सांगताना हात गार पडतात. तरी मीच सांगणार, कारण मी गप्प बसले तर रमणकाका सांगतो, आणि त्याच्या किश्श्यांत चूक कधीच त्याची नसते.

शेड म्हणजे गंजाडला रस्त्याच्या कडेला चार खांब आणि पत्रे. मधमाश्यांच्या पेट्या फिरत असतात. कधी आमच्याकडच्या खुरासणीच्या शेतांत, कधी बोर्डीच्या चिकूवाड्यांत. मध मात्र इथे येतो. रमणकाका बाबांचा चुलतभाऊ. शेडची किल्ली त्याच्याकडे, म्हणून साहेब तो. लखमाआत्या बाबांची थोरली बहीण, मध गाळायचं काम तिचं. गुरुजी रिटायर्ड शाळामास्तर. ते कामाला नाहीत. सकाळी पेपर वाचायला येतात आणि मग जात नाहीत. पेट्यांचं सगळं बाबांकडे.

आणि मी जयू. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. लोक म्हणतात, "सुटलं." सुटायला ती काय एसटी आहे? दिवाळीनंतर बाबांच्या मानेला गाठ आली, अंगातली ताकद गेली, पेट्या उचलायला माणूस लागला. शेडमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी बसून ठरवलं की तो माणूस मी. मला विचारलं का? विचारलं. गुरुजी म्हणाले, "तुला चालेल ना?" आणि माझ्या उत्तराआधी आत्याने माझ्या हातात पेट्या खरवडायची पटाशी दिली.

*

डिंकाचं वेड कसं लागलं ते ऐका. मधमाश्या झाडांचा चीक आणून पेटीच्या फटी बुजवतात. तपकिरी, चिवट, हाताला लागला तर साबणाने जात नाही. इंग्रजीत त्याला प्रोपोलिस म्हणतात, आम्ही डिंक म्हणतो. आपली सातेरी माशी त्याच्या फारशी भानगडीत पडत नाही, पण इटालियन माश्या सगळीकडे फासून ठेवतात. तो खरवडायचा आणि शेडमागे फेकायचा, हे आमचं वर्षानुवर्षं चाललेलं.

एकदा वापीहून मेण घ्यायला येणारा शेठ लघवीला म्हणून शेडमागे गेला आणि तिथूनच ओरडला, "अरे, आ शुं फेंको छो? लिव्हर माटे तो आ दवा छे."

शेठ मेण घेऊन गेला. रमणकाका त्या ढिगाकडे बघत उभा राहिला. मग माझ्याकडे वळला.

"दोन वर्षं कॉलेजला गेलीस. हे नाही शिकवलं?"

"शिकवणार होते," मी म्हटलं. "तिसऱ्या वर्षाला."

*

दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला की जयूने मोबाईलवर शोधून वाचून दाखवायचं. कॉलेज बंद केलेल्या मुलीचं इंग्रजी यांना अजून हवंच होतं.

असे संशोधनाचे पेपर नेटवर भरपूर आहेत. मी एक उघडला आणि चहाच्या वेळी मराठीत सांगत गेले. उंदरांचे गट करतात. काही उंदरांना नुसतं लिव्हर बिघडवणारं औषध देतात. काहींना आधी प्रोपोलिसचा अर्क देतात आणि मग ते औषध. मग दोघांची लिव्हरं बघतात. अर्क दिलेल्यांचं नुकसान कमी दिसतं. त्यात फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात, ती लिव्हरच्या पेशींना सांभाळत असावीत.

"असावीत म्हणजे?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणजे माणसांवर अजून नीट सिद्ध झालेलं नाही."

हे वाक्य मी बोलले होते. मोठ्याने बोलले होते. आज चौघांपैकी एकालाही ते आठवत नाही.

बाबा कोपऱ्यात मफलर गुंडाळून बसले होते. त्यांनी विचारलं, "पण जिवंत उंदराचं लिव्हर दिसतं कसं गो?"

"जिवंत नाही दिसत. शेवटी सगळे उंदीर मारतात आणि कापून बघतात."

"डिंक दिलेलेपण?"

"तेपण."

आत्याने पदर तोंडाला लावला. शेवटी रमणकाकाने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "पण लिव्हर चांगलं होतं ना?"

*

तलासरीला नात्यात हळद होती. आमच्याकडे हळद म्हटली की ताडी आलीच, आणि सीमेपलीकडच्या केंद्रशासित भागातून आणलेल्या स्वस्त बाटल्यापण. रमणकाका खिशात प्लास्टिकची डबी घेऊन आलेला. डबीत डिंकाच्या गोळ्या, गुळात वळलेल्या.

मांडवामागे पुरुषांची रांग लागली. काका एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवत होता. "उंदरांना आधी डिंक दिला, मग विष. क्रम महत्त्वाचा. आधी हे गिळा, थोडं थांबा, मग बसा."

पोलिओचा डोस द्यावा तसं चाललेलं. एकाने विचारलं, "दोन घेतल्या तर?" काका म्हणाला, "तर दुप्पट पिऊ शकतोस." शास्त्र.

मी लांब उभी होते आणि मला पहिल्यांदा नीट भीती वाटली ती तिथे. ही माणसं एरवी बायकांच्या, डॉक्टरांच्या थोड्याशा तरी भीतीने हात आखडता घ्यायची. आता त्यांच्याकडे परवाना होता, आणि त्या परवान्यावर सही माझी. जो तो माझ्याकडे बघून मान हलवत होता. "रमणची पुतणी. सायन्सवाली."

बाबांनीपण गोळी घेतली आणि एक पेला ताडी. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "गाठीला बरी असते."

मग रांगेत गुरुजी दिसले. गुरुजी आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत, ते हे सगळ्यांना सांगतात, न विचारता.

"गुरुजी, तुम्ही कशाला?"

"मी पीत नाही," गुरुजी म्हणाले आणि गोळी जिभेवर ठेवली. "पण आज भाजीत तेल फार आहे."

*

गाठीवर आत्या दीड महिना हळद आणि मधाचा लेप लावत होती. गाठ तिला न जुमानता वाढली. शेवटी मी बाबांना बाइकवर बसवलं आणि डहाणूला नेलं. सुई घालून तपासणी झाली. टीबी निघाला. फुप्फुसाचा नाही, गाठीचा, म्हणजे दुसऱ्याला लागणारा नव्हे. सहा महिने गोळ्या घ्यायच्या.

गोळ्या घेऊन मंजूताई यायची. ती गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यवाली. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून समजावलं. गोळी चुकवायची नाही. दारू, ताडी बंद. लघवी केशरी झाली तर घाबरायचं नाही, तो गोळीचा रंग. पण काळ्या चहासारखी गडद झाली, उलट्या झाल्या, जेवण नको वाटलं किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी मला सांगायचं. "कारण या गोळ्यांनी कधीकधी लिव्हरला त्रास होतो."

बाई चांगली. पण लिव्हर हा शब्द तिने उच्चारला आणि काका-आत्याने एकमेकांकडे बघितलं. मला तेव्हाच कळलं.

मंजूताईची स्कूटी वळणापलीकडे जायच्या आत बाबांच्या हातावर डिंकाची गोळी होती. मी भांडले. म्हटलं, त्या पेपरातला अर्क प्रयोगशाळेत काढलेला, मोजून दिलेला. हा तुम्ही पेटीतून खरवडलाय. त्यात पेटीचा रंग आहे, लाकडाचा भुसा आहे, मेलेल्या माश्यांचे पाय आहेत, किडीसाठी आपण औषधाच्या पट्ट्या लावतो त्यांचं काय काय आहे. हे त्यांच्या पोटात जाणार?

आत्या म्हणाली, "धुतलाय मी."

बाबांनी मोबाईलमध्ये दोन अलार्म लावले. साडेसहाला डिंक, साडेसातला गोळ्या. शाळेत जे कधी जमलं नाही ते वेळापत्रक आता काटेकोर. पंधरा दिवसांनी मंजूताई मला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "जयू, तुझे बाबा गोळ्या अगदी वेळेवर घेतात हं. सगळ्यांनी असं घ्यायला पाहिजे."

"हो," मी म्हटलं. "एक तास आधीपासून घेतात."

ती हसली. तिला काय कळणार, आणि मी पुढे काही बोलले नाही. हे माझ्या नावावर राहील.

*

शेडच्या खिडकीत मधाच्या नमुन्याच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या असतात. फिक्यापासून गडदपर्यंत. तिळाचा, मग खुरासणीचा, शेवटी जांभळाचा, सगळ्यांत काळपट. रंगावरून मध ओळखण्यात आत्याचा हात धरणारं कोणी नाही. व्यापारी मशीन घेऊन येतात आणि शेवटी आत्यालाच विचारतात.

एक दिवस सकाळी आले तर आत्या एक छोटी शिशी उजेडात धरून त्या ओळीशी लावून बघत होती. एक डोळा बारीक करून, अगदी मन लावून.

"खुरासणीच्या पुढे गेली नाही," ती म्हणाली. "ठीक आहे."

"काय ठीक आहे?"

"तुझ्या बापाची लघवी."

मी मागे सरकले. ती शांतपणे समजावू लागली. मंजूताईने केशरी चालेल सांगितलंय, चहासारखी नको. मग मधे कुठेतरी हद्द पाहिजे ना? तिने हद्द जांभळाच्या बाटलीवर ठरवली होती. जांभूळ आलं की डॉक्टर, तोपर्यंत काळजी नाही. "रंगातलं मला नको शिकवू. तू जन्मायच्या आधीपासून रंग बघतेय मी."

रोज सकाळी शिशी यायची. रोज निकाल लागायचा. "अजून जांभूळ नाही." मीपण रोज त्या निकालाची वाट बघायला लागले, एवढी मी घाबरलेली. कॉलेजात दोन वर्षं काढलेली मुलगी खिडकीतल्या बाटल्यांवर बापाचं लिव्हर मोजत होती.

मग एका दुपारी तिथे झाडू मारताना माझं लक्ष गेलं. जांभळाची बाटली दिवाळीत लालसर होती, ती आता जवळजवळ काळी. मध उन्हात ठेवला तर दिवसेंदिवस गडद होतो. त्या खिडकीत सकाळचं ऊन थेट येतं. म्हणजे आम्ही ज्याच्यावर मोजत होतो ते मापच रोज पुढे सरकत होतं. आणि हे शेडमध्ये सगळ्यांत चांगलं कोणाला माहीत? आत्यालाच. मध उन्हात ठेवू नका, हे तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला आयुष्यभर सांगितलंय.

मी तिला हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि दाखवलं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी.

तिने जांभळाची बाटली उचलली, आतल्या फळीवर सावलीत नेऊन ठेवली आणि म्हणाली, "आता नाही व्हायची काळी."

*

बाबांनी वीस वर्षांत तोंडाला कधी जाळी लावली नाही. माश्यांच्या पेटीत उघड्या तोंडाने बघणारा माणूस. जाळी लावणाऱ्या शहरी पोरांना ते नवरी म्हणायचे. आता तेच बाबा सकाळपासून जाळीची टोपी घालून फिरायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "माश्या चिडक्या झाल्यात. राणी बदलली."

मला हे पटलं. राणी बदलली की माश्यांचा स्वभाव बदलतो, खरं आहे ते. बाबा खोटं बोलताना नेहमी खऱ्याच गोष्टी वापरतात.

मंजूताई आली ती गोळ्या द्यायला. तिला माश्यांची भयंकर भीती. बाबा शेडलगतच्या वाडीतल्या पेट्यांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि तिथूनच हात केला. "ताई, लांबच थांब. चिडल्यात आज. दगडावर ठेव."

ती रस्त्यावरूनच विचारत होती. "उलटी?"

"नाही."

"जेवण?"

"मस्त."

"डोळे पिवळे नाहीत ना? जरा दाखवा."

"जाळी काढली तर चावतील ना ताई."

ती हसली, वहीत लिहिलं आणि गेली. पुढच्या खेपेलाही तेच. मी तेव्हा डबे धूत होते. ऐकत होते. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

वाटलं ते चहाच्या वेळी. बाबा शेडच्या आत, पाटावर बसून, जाळी ओठांपर्यंत उचलून चहाचा कप तोंडाशी नेत होते. शेडमध्ये एक माशी नव्हती. आणि कप हातात असूनसुद्धा ते पीत नव्हते, नुसता ओठाला लावून खाली ठेवत होते. मी जवळ गेले. ते म्हणाले, "चावतील गो."

"पेट्या वाडीत आहेत, बाबा."

मी जाळी वर केली. दारातून दुपारचा उजेड सरळ तोंडावर पडत होता. डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता. त्यांनी डोळे मिटून घेतले, लहान मुलं मिटतात तसे, मिटले की दिसणार नाहीत.

"कधीपासून?"

आत्याने आतल्या फळीकडे बघितलं आणि पटकन मान खाली घातली. म्हणजे तिलाही माहीत होतं. या सगळ्यांना माहीत होतं. सांगितलं तर दवाखान्यात ठेवून घेतील, गोळ्या बदलतील, पेट्या कोण बघेल, म्हणून सगळ्यांनी मिळून तोंड बंद ठेवलेलं. डिंक चालू आहे ना, उतरेल.

मी रमणकाकाकडे वळले. म्हटलं, तू रोज बघत होतास आणि बोलला नाहीस?

"बोललो होतो त्याला," काका म्हणाला. "म्हटलं गॉगल घाल. जाळीने संशय येतो."

*

टेम्पोत बाबांना पुढे बसवलं. मागे आम्ही चौघं. गुरुजी कशाला आले? "डॉक्टरांशी नीट भाषेत बोलायला कोणीतरी पाहिजे."

दवाखान्यात मॅडम होत्या, वयाने माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी बाबांचे डोळे बघितले, पोट दाबलं, रक्त पाठवलं आणि टीबीच्या सगळ्या गोळ्या त्याच क्षणी थांबवल्या. मग पेन उघडून विचारलं, "दारू?"

"नाही," बाबा म्हणाले.

"कधीच नाही," काका म्हणाला.

"गावठी औषध, काढा, झाडपाला?"

"छे," आत्या म्हणाली.

"आमच्याकडे सगळं शास्त्रीय आहे," गुरुजी म्हणाले.

मी खिशातून गोळी काढून टेबलावर ठेवली. गुळाला मुंग्या लागल्या होत्या. मॅडमनी ती कागदावर घेतली, वास घेतला. मी सगळं सांगितलं. पेटीतून खरवडलेला डिंक, रोज सकाळी, गोळ्यांच्या आधी, अडीच महिने. हळदीच्या मांडवात घेतलेली ताडीपण सांगितली.

त्यांना राग आला, पण त्या ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट. म्हणाल्या, "टीबीच्या गोळ्यांनी झालं असेल. ह्याच्यातल्या कशाने झालं असेल. दोन्हीने झालं असेल. मी आज सांगू शकत नाही. आधी सांगितलं असतं तर आधी थांबवता आलं असतं, एवढं सांगू शकते."

गुरुजींनी घसा साफ केला. "पण मॅडम, हे निसर्गातलं आहे."

"धोतराही निसर्गातलाच आहे."

गुरुजी नीट भाषेत गप्प बसले.

"बरे होतील ना?" मी विचारलं.

"बऱ्याच लोकांचं लिव्हर गोळ्या थांबवल्या की सावरतं. काहींचं नाही सावरत. दाखल करून घेऊ, रोज बघू." मग त्यांनी तो कागद उचलून दाखवला. "हे सुरू कोणी केलं?"

शेठ नाही. हळदीला डबी घेऊन आलेला काका नाही. धुऊन देणारी आत्या नाही. काका, आत्या, गुरुजी, तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं.

"हिनेच वाचून दाखवलं," रमणकाका म्हणाला.

*

बाबा वॉर्डात होते आणि मी त्यांच्याजवळ. पहिले काही दिवस मला आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की मी सारखी त्यांचे डोळे बघत होते आणि ते सारखे मला सांगत होते, "इकडे काय बघतेस, खिडकीत बघ."

मग रक्ताचा रिपोर्ट जरा खाली आला. मॅडमनी मला पुढचं समजावलं. टीबी तसाच सोडता येणार नाही, तोही मारतो. पण सगळ्या गोळ्या एकदम दिल्या तर लिव्हर परत बसेल. म्हणून एकेक गोळी सुरू करायची. एक दिली की काही दिवस थांबायचं, रक्त बघायचं, मग दुसरी. "रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. त्याच्या आधी पेशंटच सांगतो. मळमळ झाली, जेवण नकोसं झालं, तर लगेच कळलं पाहिजे. लपवलं तर मला कळेपर्यंत उशीर झालेला असेल. वडिलांना समजावशील?"

मी समजावलं. तीन वेळा समजावलं. बाबा म्हणाले, "हो गो. मी काय लहान आहे?"

पहिली गोळी झाली. दुसरी सुरू झाली त्याच दिवशी काकाचा फोन आला. बोर्डीच्या वाडीवाल्याला फवारणी करायची होती. पेट्या हलवल्या नाहीत तर माश्या मरणार, आणि कुठली पेटी कुठल्या वाडीत नेली की टिकते ते बाबांशिवाय कोणाला माहीत नाही. काकाने हे सगळं आजारी माणसाला स्पीकरवर सांगितलं. मी फोन ओढून बंद केला. बाबा छताकडे बघत होते.

"कधी सोडतील गो?"

"जेवायला लागलात की."

दुसऱ्या दिवसापासून बाबा जेवायला लागले. सिस्टर सकाळी वही घेऊन यायची. "काका, मळमळ?"

"नाही."

"जेवण?"

"सगळं संपवलं."

आणि खरंच, मी चहा आणायला, औषध आणायला, रिपोर्टच्या खिडकीवर उभी राहायला जायचे, परत येईपर्यंत ताट रिकामं. भाताचं शीत राहिलेलं नसायचं. मी आत्याला फोन करून सांगितलं, "जेवतायत." पलीकडे ती रडली. मीपण जिन्यात जाऊन रडले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली.

मॅडम राऊंडला आल्या. वही बघितली. "भूक लागतेय, छान. उद्या रक्त घेऊ आणि तिसरी गोळी सुरू करू. सगळं ठीक राहिलं तर सोमवारनंतर घरी."

बाबा हसले. मॅडम पुढच्या कॉटकडे गेल्या. तिथे आशागडचा एक माणूस होता, झाडावरून पडून पाय मोडलेला. त्याला त्याच दिवशी घरी सोडणार होते. त्याची बायको पिशवी भरत होती.

मी बाबांची चादर नीट करत होते. तो माणूस कुबडीवर टेकून आमच्या कॉटपाशी आला, पाया पडल्यासारखा वाकला आणि मला म्हणाला, "बाय, तुझा बाबा देवमाणूस आहे. घरून माझा डबा यायचा नाही. तू खाली गेलीस की रोज अर्धं जेवण मला द्यायचा."

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"अर्धं कसलं," त्याची बायको पिशवीची गाठ मारत म्हणाली, "तीन दिवस तर अख्खं ताटच देतायत."